किताबां दुरुस्त करती

(सांगलीत झालेल्या तरुणांच्या लेखन शिबिरातील भाषणाचं संपादित शब्दांकन)



आयोजकांनी मला ‘मुक्त लेखन आणि संपादन : माझा प्रवास’ असा विषय दिला आहे. प्रवास म्हटलं की मला खरोखरची गाडीच आठवते. माझं माहेर मिरज, सासर सातारा. गेली तेवीस वर्षं मी या दोन गावांमध्ये रेल्वेनं ये-जा करते आहे. मांडीवर प्रुफांचा गठ्ठा, पर्समध्ये दोन पेन्सिली. रहिमतपूर, मसूर, कराड, टाकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी. एका फेरीत साधारण चाळीस पानं वाचून होतात. गाडी लेट असेल तर साठ.

माझ्या कामाची सगळ्यात नेमकी व्याख्या माझ्या अम्मीनं केली आहे. मी नुकती या धंद्यात पडले होते तेव्हाची गोष्ट. शेजारच्या खालांनी विचारलं, “बेटी क्या करती तुमारी?” अम्मी जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “किताबां दुरुस्त करती.” दुसऱ्या दिवशी खाला पोराचं भूगोलाचं फाटकं पुस्तक घेऊन दारात हजर. मी ते शिवलं, खळ लावली, पाठीला कापडी पट्टी चिकटवली आणि दिलं परत. छापखान्यात बाइंडिंग शिकले होते म्हणून निभावलं. तेव्हा मला या गोष्टीचं हसू यायचं. आता वाटतं, अम्मीचं काही चुकलं नव्हतं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सकाळी ओळख करून देताना ‘मला लेखक व्हायचं आहे’ असं सांगितलं. फार छान. पण लेखक दिवसभर नेमकं काय करतो, हे कुणी सांगत नाही. म्हणून मी आज माझं बिलबुक घेऊन आले आहे. मागच्या वर्षीची पावती-पानं वाचून दाखवते. एका विकास सोसायटीचा वार्षिक अहवाल, मुद्रितशोधन. हळदीच्या लागवडीवर शेतकऱ्यांसाठी पुस्तिका, लेखन. एका निवृत्त मुख्याध्यापकांचं आत्मचरित्र, शब्दांकन. रेडिओसाठी दोन श्रुतिका. मुलांचं एक पुस्तक, हिंदीतून मराठी अनुवाद. कवितासंग्रहाचं संपादन, पैसे अजून यायचे आहेत. दोन लग्नपत्रिका, त्यातली एक उर्दू-मराठी. जुनी पुस्तकं श्रीलिपीतून युनिकोडमध्ये आणली की जोडाक्षरं फुटतात, ती सांधण्याचं काम तीन वेळा. आणि दिवाळी अंकातली एक कथा, जिचं मानधन सगळ्यात कमी आणि जिला वेळ सगळ्यात जास्त लागला.

माझे एक नातलग दर ईदला मला म्हणतात, “एक काहीतरी धर. सगळ्यात हात घालून नाव होत नाही.” त्यांना उत्तर द्यायला मला वीस वर्षं लागली. ते उत्तर आज तुमच्यासमोर देते.

सुरुवात सांगलीतल्या एका छापखान्यातून झाली. बी.कॉम.चं दुसरं वर्ष. घरात गरज होती आणि छापखान्याला प्रूफ वाचायला मुलगी हवी होती. तिथे एक काका होते, खिळे जुळवण्याच्या काळापासूनचे. ते मूळ प्रत मोठ्यानं वाचायचे, मी छापलेल्या कागदावर डोळा ठेवायचा. स्वल्पविराम आला की काका टेबलावर एक टिचकी मारायचे, पूर्णविरामाला दोन. मराठी मला आधीपासून येत होतं, अगदी चौथीत असल्यापासून निबंधाला बक्षीस वगैरे. पण मराठी कुठे थांबतं आणि कुठे दम घेतं, ते त्या टिचक्यांनी शिकवलं.

एक वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. “अरे वा, तुमचं मराठी किती छान आहे हो!” म्हणणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. पण सातारा-सांगलीत ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या गेल्या, त्यांच्या मराठीचं असं पाहुण्यासारखं कौतुक का व्हावं? मला तेव्हा याचा राग यायचा आणि तो मी व्याकरणावर काढला. ऱ्हस्व-दीर्घाचे नियम पाठ केले, अपवाद पाठ केले. पाच-सहा वर्षांत अशी वेळ आली की मराठीचे मास्तर त्यांची पुस्तकं माझ्याकडे तपासायला पाठवू लागले. खूप अभिमान वाटायचा. त्या अभिमानानंच माझी या धंद्यातली सगळ्यात मोठी चूक घडवली.

एका म्हाताऱ्या पैलवानांचं आत्मकथन लिहून काढायचं काम आलं. सांगली जिल्ह्यातलं वारणाकाठचं गाव. पैलवान बोलायचे, मी टेप करायची. तालमीची माती, तूप, बदाम, हरलेल्या कुस्त्या. हरलेल्या कुस्त्या ते जास्त रंगवून सांगत. मी घरी येऊन ते सगळं शुद्ध केलं. ‘म्या’चं ‘मी’, ‘हुतं’चं ‘होतं’, ‘इस्कटलं’चं ‘विस्कटलं’. वाक्यं सरळ केली, शिव्या गाळल्या, प्रकरणांना शीर्षकं दिली. दोनशे पानं, एकही चूक नाही. पैलवानांना वाचता येत नव्हतं. त्यांच्या मुलीनं ओसरीवर बसून पहिलं प्रकरण मोठ्यानं वाचलं. अर्ध्यावर पैलवान म्हणाले, “ह्यो कोण बोलतोय?”

ते चिडले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. पुस्तक तसंच छापलं गेलं, प्रकाशनाला मोठी माणसं आली, मला शाल मिळाली. टेप मी त्या काळी पुसून पुन्हा वापरायची, त्यामुळे त्यांचं मूळ बोलणं आता कुठेही नाही. पैलवान गेले. त्यांचा आवाज मी दुरुस्त करून टाकला.

त्यानंतर काही दिवसांनी मी मिरजेला मामूंकडे बसले होते. मिरजेत तंतुवाद्यांचं काम चालतं हे तुम्हाला माहीत आहे. शिकलगार म्हणजे मुळात हत्यारांना धार लावणारे, तेच पुढे सतार-तंबोरे बनवू लागले. दीडशेहून अधिक वर्षांची ही कारागिरी. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. माझे मामू मालक नव्हते, कारागीर होते. ते जवारी काढत बसले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर जी घोडी असते, तिच्यावरून तारा जातात. त्या घोडीचा माथा अगदी बारीक कानशीनं घासून असा उतार द्यायचा, की तार त्याला स्पर्शून जाईल न जाईल. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवून जागा शोधायची. जागा सापडली की तार नुसती वाजत नाही, ती उघडते, गुंजते.

मी त्यांना पैलवानांची गोष्ट सांगितली. मामू काम थांबवून म्हणाले, “ज्यादा घिस्या तो घोडी गई. घिसा हुआ वापस नहीं भरता.” आणि पुन्हा कामाला लागले.

संपादनाबद्दल एवढं कामाचं मला नंतर कुठल्या पुस्तकातही सापडलं नाही. तार दुसऱ्याची, गाणं तिसऱ्याचं. आपण फक्त ती तार तिच्याच आवाजात उघडावी इतकंच घासायचं. कुठे थांबायचं हे कानाला कळलं पाहिजे, नियमाच्या पुस्तकाला ते कळत नाही. मी नियमांच्या विरोधात बोलत नाहीये, नियम आलेच पाहिजेत. ज्याला कानस धरता येत नाही त्यानं घोडीला हात लावू नये. पण तेव्हापासून मी शब्दांकनाच्या सगळ्या ध्वनिफिती जपून ठेवते, आणि ‘हुतं’ला ‘हुतं’ राहू देते.

आता त्या नातलगांच्या प्रश्नाकडे येते. एक काहीतरी धर.

याच मातीतल्या आणि शेजारच्या मातीतल्या दोन माणसांची नावं घेते. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे आणि बार्शीचे अमर शेख. वाटेगाव आज सांगली जिल्ह्यात आहे, पण १९२० साली अण्णाभाऊ जन्मले तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला १९४९ मध्ये आणि त्याचं नाव सांगली पडलं १९६० मध्ये. त्यामुळे सातारकर आणि सांगलीकर दोघेही अण्णाभाऊंना आपले म्हणतात आणि दोघांचंही बरोबर आहे. अमर शेख यांचा जन्म १९१६ चा. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. आई मुनेरबी. गाण्याचा वारसा त्यांना या आईकडून मिळाला. मोटारीवर क्लीनर, गिरणीत कामगार, गिरणीच्या संपात तुरुंग, मग कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या स्टुडिओत. ‘अमर’ हे नाव त्यांना मिळालं ते त्याच सिनेमाच्या दिवसांत. १९४४ मध्ये अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी मिळून लाल बावटा कलापथक उभं केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हे लोक गावोगाव गायले.

एवढं आपल्याला शाळेत किंवा सभेत सांगितलं जातं. मला तुमचं लक्ष वेधायचं आहे ते कामांच्या यादीकडे. अमर शेख यांनी पोवाडे लिहिले, ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे कवितासंग्रह दिले, ‘पहिला बळी’ हे नाटक लिहिलं, ‘महात्मा फुले’ आणि ‘प्रपंच’ या चित्रपटांत भूमिका केल्या. आणि फार कमी लोकांना आठवतं ते हे, की ते संपादकही होते. ‘युगदीप’ आणि ‘वक्त की आवाज’ ही मासिकं त्यांनी चालवली. एका मासिकाचं नाव मराठी, दुसऱ्याचं हिंदुस्थानी. ज्याच्या बुलंद आवाजासाठी माणसं मैदानं भरायची, तो माणूस कुठल्यातरी खोलीत बसून दुसऱ्यांचं लेखन वाचत होता, प्रुफं तपासत असणार, कागदाच्या पैशांची जुळवाजुळव करत असणार. माझ्या मनात त्यांचं हेच चित्र जास्त वेळ राहतं. डफ हातात नसलेले अमर शेख.

अण्णाभाऊंची यादी अशीच. हमाली, गिरणी, पडतील ती कामं. मग पोवाडे, लावण्या, लोकनाट्यं, कथा, कादंबऱ्या, चित्रपटांच्या कथा, आणि १९६१ मधल्या रशियाच्या वारीनंतर प्रवासवर्णन. ‘फकिरा’ आली १९५९ मध्ये, राज्य शासनाचा पुरस्कार १९६१ मध्ये. ज्याला शाळा जवळजवळ मिळालीच नाही, त्यानं वारणेच्या खोऱ्यातली बोली मराठी कादंबरीत आणून बसवली. त्यांच्या हाती कुणी माझ्यासारखी उत्साही मुद्रितशोधक लागली नाही, हे मराठीचं नशीब.

या दोघांनी ‘एक काहीतरी’ धरलं असतं तर काय झालं असतं, मला सांगता येत नाही. पण त्यांच्याकडे पाहिलं की एक दिसतं. पोटासाठी केलेली कामं आणि मनासाठी केलेली कामं यांच्यात त्यांनी भिंत घातली नव्हती. गिरणीतला माणूस पोवाड्यात आला, पोवाड्याची चाल नाटकात गेली. माझ्या लहान मापात मलाही हेच अनुभवाला आलं. सोसायटीचा अहवाल तपासताना मला कर्जमाफीची भाषा कळली आणि ती नंतर माझ्या कथेत आली. मला हळदीवर लिहिता आलं, कारण आधी हळदीच्या अडत्यांचं पत्रक लिहून दिलं होतं.

आणि दुसरं. अमर शेख यांनी पोवाडे रचले ते छत्रपती शिवाजी महाराजांवर, होळकरांवर, उधमसिंगांवर. ‘तुम्ही फक्त तुमच्या समाजाचं लिहा’ असं त्यांना कुणी सुचवलं होतं का, मला ठाऊक नाही. मला मात्र सुचवलं गेलं. तुम्हालाही सुचवलं जाईल, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमच्यासाठी एक अलिखित दिनदर्शिका असते. रमजान आला की पुरवणीतून फोन येतो, ‘शीरखुर्म्यावर एक छानसा लेख.’ मोहरमला कडेगावचे उंच ताबूत आणि त्यातले हिंदू मानकरी. गणपतीत गोटखिंडीच्या मशिदीतला गणपती. मधल्या काळात कुठे तलाकची किंवा बुरख्याची बातमी आली की ‘तुमची बाजू’ आठशे शब्दांत, संध्याकाळपर्यंत. मी हे सगळे लेख लिहिले आहेत. कडेगावचे ताबूत मी लहानपणापासून मान मागे टाकून पाहिले आहेत, ते खरोखर पाहण्यासारखे आहेत. गोटखिंडीच्या लोकांबद्दल मला आदर आहे. त्या लेखांचं मानधन वेळेवर यायचं, हेही सांगितलं पाहिजे. तक्रार लेखांबद्दल नाही. एकदा मी एका संपादकांना म्हटलं, की हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर लिहिते. जमिनीखाली खोल कोठारं, त्यांत वर्षानुवर्षं हळद टिकायची आणि २००५ च्या महापुरानं त्यांची कशी वाट लावली, असा विषय होता. ते अगदी सहज म्हणाले, “हळदीवर आमच्याकडे आहेत की लिहिणारे. तुम्ही ईदचं बघा.”

ते वाईट माणूस नव्हते. पण त्या दिवशी मला कळलं, की मराठीत मला एक खोली दिली आहे, चांगली रंगवलेली, खिडकीसकट. फक्त बाकीच्या घरात फिरायचं नाही.

तो पेवांचा लेख मी दुसरीकडे छापला. मानधन निम्मं. नंतर २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरलं. १८६९ पासूनचं वाचनालय, हजारो पुस्तकं चिखलात. मी त्यावर लिहिलं. भिजलेल्या पुस्तकाला वास कसा येतो, पानं कशी चिकटून एक वीट होते, कुठलं दुरुस्त होऊ शकतं आणि कुठलं नाही. त्या लेखावर मला जी पत्रं आली त्यातल्या एकातही माझ्या आडनावाचा उल्लेख नव्हता. मला ती पत्रं फार आवडतात. म्हणून सांगते, तुमच्या समाजाबद्दल जरूर लिहा, आतल्या चुकांबद्दल लिहा, ते तुमच्याशिवाय कुणी नीट लिहिणारही नाही. पण उसाबद्दल, एस.टी.बद्दल, कुस्तीबद्दल, पावसाबद्दलही लिहा. कुणी बोलावण्याची वाट पाहू नका.

आता एक गोष्ट सांगणार आहे जी मी आजवर जाहीरपणे सांगितलेली नाही. सप्टेंबर २०२३. सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत जे घडलं ते तुम्हाला माहीत आहे. सोशल मीडियावरच्या पोस्टचं निमित्त, मशिदीवर हल्ला, एका तरुणाचा जीव गेला. जिल्ह्यात इंटरनेट बंद झालं. त्या आठवड्यात माझ्या टेबलावर एका गणेश मंडळाच्या स्मरणिकेची शेवटची प्रुफं होती. आठ दिवसांवर गणपती. बरीच वर्षं ती स्मरणिका मीच करत होते. संपादकीयाला हात फिरवायचा, जाहिराती लावायच्या, वर्गणीदारांची नावं तपासायची. नावात चूक झाली तर वर्गणीदार वर्षभर बोलत नाहीत.

इंटरनेट नव्हतं, त्यामुळे फाइल पाठवता येत नव्हती. छापील प्रुफं हातानंच नेऊन द्यायची होती. घरचे म्हणाले, नको जाऊस. त्या मंडळाच्या पोरांच्या फोनवर त्याआधी काय काय फिरत होतं, याची मला कल्पना होती. मी रात्रभर ती प्रुफं वाचली. शेवटच्या पानावर ‘मुद्रितशोधन’ या शब्दापुढे माझं नाव होतं. दर वर्षी असायचं. पहाटे मी ते नाव खोडलं. त्यांना त्रास नको, मला त्रास नको, दोन्ही मनात होतं. नेमकं किती कशाचं, ते आजही सांगता येणार नाही. आपलंच नाव वगळण्याची खूण मी तोपर्यंत कधी केली नव्हती. खूण अगदी नियमाप्रमाणे केली, समासात शेपटी काढून.

सकाळी सचिवाच्या घरी गेले. तिशीतला मुलगा, स्पेअर पार्टचं दुकान. दार उघडून तो बघतच राहिला. “ताई, तुम्ही कशाला आलात?” मी म्हटलं, “फायनल आहे. सही लागेल.” त्यानं उभ्या उभ्या पानं उलटली. शेवटच्या पानावर थांबला. मग खिशातलं पेन काढून माझ्या खोडलेल्या नावाखाली त्यानं टिंबं दिली, एकेक करून. खोडलेलं तसंच राहू द्यायचं असेल तर खाली टिंबं देतात, हे मागे एकदा त्यानं मला विचारलं होतं आणि मीच त्याला सांगितलं होतं. सही केली, कागद परत दिले. त्याच्या आईनं आतून चहाचं विचारलं, मी नको म्हटलं. आम्ही दोघं त्या प्रकाराबद्दल एक शब्दही बोललो नाही.

ही गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पुढच्या वर्षी ते काम माझ्याकडे आलं नाही. दुसऱ्या कुणाला स्वस्तात दिलं असेल, मंडळात कुणी आक्षेप घेतला असेल, सचिव बदलला असेल. मी विचारलं नाही. ते प्रूफ माझ्याकडे आहे.

जरा पैशांबद्दल बोलू या, कारण लेखन शिबिरात त्यावर कुणी बोलत नाही आणि नंतर सगळे त्यावरच रडतात. अण्णाभाऊंच्या कथांवर सिनेमे निघाले आणि त्यांची स्वतःची अखेर हलाखीत झाली. १८ जुलै १९६९ ला ते गेले, आणि २९ ऑगस्टला इंदापूरजवळच्या अपघातात अमर शेख. सहा आठवड्यांत दोघं. या दोघांपुढे हात जोडताना मला दर वेळी वाटतं, की यांची बिलं कुणी वेळेवर दिली असती तर.

तर ऐका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, तुम्ही नोकरीत राहून लिहिलंत तर वेगळा करार नसल्यास हक्क मालकाचा. पण तुम्ही फ्रीलान्सर असाल तर लिहिलेल्याचे पहिले मालक तुम्हीच. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच दिले जातात, तोंडी नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. आणि हक्क विकल्यावरही, हे माझं लेखन आहे असं म्हणण्याचा अधिकार तुमच्याकडेच राहतो. हे मला वयाच्या पस्तिसाव्या वर्षी कळलं, तोवर माझी दोन भाषांतरं माझ्या नावाशिवाय छापली गेली होती. मोठ्या कामाचे एक तृतीयांश पैसे आधी मागा. मागताना आवाज कापतो, कापू द्या. मानधनातून दहा टक्के टी.डी.एस. कापला असेल तर रिटर्न भरा, कर लागत नसेल तर ते पैसे परत मिळतात. मुलींनो, बँकेचं खातं स्वतःच्या नावावर असू द्या. आणि ओळखीच्या माणसाचं काम फुकट करायचं ठरवलंत तरी बिल करा. रक्कम लिहा, खाली ‘सप्रेम’ लिहा. किती रुपयांचं प्रेम आहे ते समोरच्याला कळतं.

कुणीतरी सकाळी विचारलं, पुण्या-मुंबईला जावंच लागेल का? माझ्या गाडीच्या वाटेवर किर्लोस्करवाडी लागते. नांगर आणि पंप बनवणाऱ्या त्या कारखान्याच्या वसाहतीतून शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर’, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ अशी मासिकं काढली आणि ती महाराष्ट्रभर वाचली गेली. तेव्हा तिथे वीज, छापखाना आणि रेल्वे होती, एवढंच. तुमच्या खिशात त्याहून जास्त आहे. जायचं तर जा, पण इथे काम नाही म्हणून जाऊ नका. इथे आत्मचरित्र सांगायला तयार असलेली माणसं प्रत्येक गल्लीत बसली आहेत, आणि त्यांचं बोलणं कुणी टेप करत नाहीये.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. दुपारच्या सत्रासाठी प्रत्येकाच्या फाइलमध्ये एक पान ठेवलं आहे. ते एका आजींनी सांगितलेल्या आठवणीचं आहे, मी मुद्दाम काही चुका घातल्या आहेत. एकवीस आहेत. त्याशिवाय काही जागा अशा आहेत ज्या चुकीसारख्या दिसतात पण आजी तशाच बोलल्या आहेत. त्यांना हात लावायचा नाही. कुठल्या कुठल्या, ते मी सांगणार नाही. पेन नको, पेन्सिलच घ्या. ज्यांच्याकडे नाही त्यांनी माझ्याकडून न्या, आणि परत आणून द्या.